धावत्या उंदराच्या मेंदूतली लय: सोलापुरात बसून साध्या लॅपटॉपवर कशी मोजायची

उंदीर चालू लागला की त्याच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात सेकंदाला सात-आठ हेलकाव्यांची मोठी, नियमित लहर सुरू होते. ही थीटा. उंदीर थांबला, अंग चाटत बसला की थीटा विस्कटते, आणि मधूनच साधारण सेकंदाच्या दहाव्या भागाइतकाच वेळ टिकणारा बारीक कंपांचा झटका येतो. हा रिपल. चालण्याशी इतकी घट्ट बांधलेली दुसरी लय मेंदूत सहज सापडत नाही, म्हणून शिकायला सुरुवात करण्यासाठी हीच उत्तम.

हा लेख जीवशास्त्र, भौतिकशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्यांसाठी आहे. केगावच्या विद्यापीठात असा, एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयात असा किंवा वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाला असा, जिवंत प्राण्यावर स्वतः नोंद घेण्याची सोय हाताशी असेलच असं नाही. तिची सुरुवातीला गरजही नाही. जगातल्या मोठ्या प्रयोगशाळांनी उंदरांच्या मेंदूच्या नोंदी खुल्या करून ठेवल्या आहेत. ८ जीबी मेमरीचा लॅपटॉप, पायथन ही प्रोग्रामिंग भाषा आणि धीर, एवढ्यावर काम होतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच ठामपणे सांगतो, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर उभी आहे. या कामातल्या बहुतेक चुका मेंदूच्या नोंदीत होत नाहीत, उंदराच्या हालचालीच्या नोंदीत होतात. शिकणारे फिल्टर (गाळणी) आणि स्पेक्ट्रम (कोणत्या वारंवारतेत किती ताकद आहे याचा आलेख) यांवर महिना घालवतात आणि उंदराचा वेग पाच ओळींत काढून मोकळे होतात. हे उलटं करा. वेग चुकला तर थीटा कितीही सुंदर काढली तरी आलेख खोटाच येतो.

आधी काय शोधायचं ते नक्की करा

प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदरात, म्हणजे रॅटमध्ये, चालताना थीटा साधारण ६ ते १० हर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला सहा ते दहा हेलकाव्यांची, असते. संशोधक पट्टा थोडा सैल धरतात, ५ ते १२. छोट्या उंदरात, म्हणजे माऊसमध्येही, पट्टा जवळपास तोच. चिचुंद्री उंदरासारखी दिसते पण ती कृंतक, म्हणजे उंदरांच्या कुरतडणाऱ्या कुळातली, नाही, तेव्हा घरातल्या चिचुंद्रीला या गटात धरू नका.

कॅनडातल्या केस व्हँडरवोल्फ यांनी १९६९ मध्ये दाखवलं की रॅटची थीटा चालणं, उडी मारणं, मान वळवणं अशा ऐच्छिक हालचालींशी जोडलेली आहे. अंग चाटणं किंवा चावणं यांसारख्या ठरीव हालचालींत ती तशी दिसत नाही. १९७५ मध्ये व्हँडरवोल्फ आणि सहकाऱ्यांनी तिचे दोन प्रकार वेगळे केले. एक अॅट्रोपिन हे औषध दिल्यावरही टिकतो, तो हालचालीचा. दुसरा अॅट्रोपिनने जातो, तो स्तब्ध पण सावध उंदरात दिसतो आणि संथ असतो, साधारण ४ ते ७ हर्ट्झ. याखेरीज स्वप्नझोपेत, म्हणजे उंदीर पूर्ण निपचित असताना, जोरदार थीटा असते. तेव्हा ‘थीटा दिसली म्हणजे उंदीर चालत होता’ हे उलटं वाक्य कधीच धरून चालू नका. झोपेची सत्रं सुरुवातीलाच बाजूला काढा.

वेग वाढला की थीटाची उंचीही वाढते आणि वारंवारताही, पण वारंवारतेतली वाढ लहान असते. हळू चालण्यापासून जोरात धावण्यापर्यंत साधारण अर्धा ते एक हर्ट्झ. हा आकडा लक्षात ठेवा. तुमच्या आलेखात ३ हर्ट्झची वाढ आली तर आनंद करण्याआधी कोड तपासा.

यंत्रमागावर हात बसवा

मेंदूची नोंद उघडण्यापूर्वी ज्या लयीचं उत्तर आधीच ठाऊक आहे अशा लयीवर तुमचा कोड चालवून बघा. सोलापुरात त्यासाठी यंत्रमागासारखी दुसरी वस्तू नाही. पूर्व भागातल्या एखाद्या कारखानदाराला विचारून धोट्याच्या साध्या मागापासून हातभर अंतरावर जमिनीवर फोन ठेवा. फोनमधला त्वरणमापक नोंदवण्यासाठी फायफॉक्स हे मोफत अॅप पुरेसं आहे. पाच मिनिटं नोंद घ्या, आणि त्याच वेळी घड्याळ लावून एका मिनिटात फणीचे ठोके किती पडतात ते मोजा. शेजारी चार माग एकदम चालू असतील तर ठोके एकमेकांत मिसळतात, म्हणून शक्यतो जेवणाच्या सुट्टीत एकच माग चालवायला सांगा.

समजा मिनिटाला १२० ठोके मोजले. म्हणजे २ हर्ट्झ. आता स्पेक्ट्रम काढा. २ हर्ट्झवर शिखर येईल, पण ४, ६, ८ आणि १० वरही येईल. ठोका हा गुळगुळीत हेलकावा नसून झटका असतो, आणि झटक्याच्या लयीत मूळ वारंवारतेच्या सगळ्या पटी येतात. नीट पाहिलंत तर १ हर्ट्झवरही उंचवटा असेल, कारण धोटा एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून फेकला जातो आणि दोन्ही फेकी सारख्या नसतात.

आता ८ हर्ट्झच्या शिखराकडे बघा. ते ऐन थीटाच्या जागी आहे. मागात ८ हर्ट्झने हलणारी एकही वस्तू नाही. स्पेक्ट्रममधलं शिखर म्हणजे लय नव्हे, हे वाचून जितकं कळत नाही तितकं हा आलेख एकदा स्वतः काढून कळतं. हीच गोष्ट मेंदूत उलट बाजूने भेटते. थीटाची लहर गोल नसते. तिची एक बाजू उभी आणि दुसरी उतरती असते, आणि उंदीर जोरात धावू लागला की हा तिरपेपणा वाढतो. त्यामुळे १६ हर्ट्झच्या आसपास दुसरं शिखर येतं. ते पाहून ‘धावताना बीटा (थीटाहून जलद, वेगळी लय) वाढते’ असा निष्कर्ष काढणारे अनेक जण आहेत. १६ चं शिखर ८ च्या शिखराबरोबरच वर-खाली होत असेल तर ती बीटा नाही, थीटाचाच दुप्पट सूर आहे.

या सरावात आणखी एक अडचण येईल आणि ती फायद्याची आहे. फोन दर सेकंदाला अगदी समान अंतराने नमुने घेत नाही. फाइलमधला वेळेचा रकाना वापरून आधी नोंद समान अंतरावर आणा, मगच स्पेक्ट्रम काढा. नुसते ‘सेकंदाला १००’ धरून चाललात तर शिखर २ ऐवजी २.०३ वर किंवा फाटलेलं दिसेल. वेळेचा रकाना हा जोडधंदा नाही, तो अर्धा प्रयोग आहे.

नोंद कुठून घ्यायची, कोणती फाइल उतरवायची

दोन ठिकाणं पुरतात. एक सीआरसीएनएस हे संकेतस्थळ, तिथे मोफत खातं उघडावं लागतं. दुसरं डँडी हे भांडार, तिथल्या फाइली एनडब्ल्यूबी या स्वरूपात असतात. सुरुवातीसाठी सीआरसीएनएसवरचा एचसी-३ हा संच घ्या. न्यूयॉर्कच्या ज्यॉर्जी बुझाकी यांच्या गटाने रॅटच्या हिप्पोकॅम्पस आणि शेजारच्या भागातून घेतलेल्या या नोंदी आहेत. जुना, साधा, आणि चुकांतून शिकवणारा संच आहे. चकाचक तयार फाइलींपेक्षा तो बरा.

प्रत्येक सत्रात बऱ्याच फाइली असतात. तुम्हाला तीनच हव्यात: सेकंदाला साधारण १२५० नमुन्यांची ‘ईईजी’ फाइल, उंदराच्या जागेची ‘डब्ल्यूएचएल’ फाइल आणि चॅनेलची, म्हणजे इलेक्ट्रोडच्या एकेका टोकावरच्या नोंदीची, माहिती देणारी ‘एक्सएमएल’ फाइल. २०,००० नमुन्यांची मूळ ‘डॅट’ फाइल मिळाली तरी उतरवू नका. हिशेब असा: ३३ चॅनेल, सेकंदाला १२५० नमुने, प्रत्येक नमुना २ बाइट, म्हणजे सेकंदाला ८२,५०० बाइट. अर्ध्या तासाचे १४८.५ एमबी. तीच नोंद २०,००० ने घेतली तर सुमारे २.४ जीबी. थीटासाठी त्या जादा आकड्यांचा काडीचा उपयोग नाही.

हाच हिशेब उलटा करून फाइल तपासा. फाइलचे एकूण बाइट भागिले (२ × चॅनेल × १२५०) म्हणजे सत्राचे सेकंद. बाइट (२ × चॅनेल) ने पूर्ण भागले गेले नाहीत किंवा सेकंद सत्राच्या लांबीशी जुळले नाहीत तर चॅनेलची संख्या चुकली किंवा उतरवताना वीज गेली आणि फाइल अर्धवट राहिली. मे महिन्यात दुपारी दोनदा वीज जाते तेव्हा हा तपास सवयीचा करा, आणि तुटल्या जागेवरून पुन्हा सुरू होणारं डाउनलोड वापरा.

फाइल उघडताना नमपाय या पायथन संचातलं मेममॅप वापरा, म्हणजे पूर्ण फाइल मेमरीत घ्यावी लागत नाही, प्रकार १६ बिट पूर्णांक, आकार (नमुने, चॅनेल) असा. चॅनेल एकामागोमाग गुंफलेले असतात: पहिल्या क्षणाचे सगळे चॅनेल, मग दुसऱ्या क्षणाचे सगळे. ताण्याचे धागे फणीत ओवताना एक घर चुकलं तर पुढची सगळी वीण सरकते, तसं इथे चॅनेलचा आकडा एकाने चुकला की लहरीऐवजी करवतीचे दाते दिसतात. एका वेळी एकच चॅनेल दशांश आकड्यांत आणा. अर्ध्या तासाचा एक चॅनेल म्हणजे साडेबावीस लाख नमुने, जेमतेम १८ एमबी.

वेग: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

उंदराच्या डोक्यावर दोन छोटे दिवे असतात आणि वर कॅमेरा. ‘डब्ल्यूएचएल’ फाइलमध्ये चार रकाने असतात: पहिल्या दिव्याचे दोन, दुसऱ्याचे दोन. दिवा दिसला नाही की तिथे उणे १ लिहिलेलं असतं.

पहिलं काम, उणे १ काढून टाकणं. हे काम गुळगुळीत करण्याच्या आधी व्हायला हवं, नंतर नाही. समजा दिवा (२००, १५०) वर होता आणि पुढच्या नमुन्यात हरवून (-१, -१) झाला. म्हणजे सुमारे २५१ पिक्सेलची उडी. एक पिक्सेल अर्ध्या सेंटिमीटरचा असेल तर १२५ सें.मी., तेही २५.६ मिलिसेकंदांत. वेग सेकंदाला ४९ मीटर. हा आकडा उघड चुकीचा दिसतो म्हणून तो निदान पकडला तरी जातो. पण तुम्ही आधी गुळगुळीत केलं तर हा सुळका पसरतो, दबतो, आणि त्याच्या कडा सेकंदाला ३०-४० सें.मी.च्या अगदी खऱ्या वाटणाऱ्या धावण्यासारख्या दिसतात. मग बसलेला उंदीर तुमच्या आलेखात धावतो.

अर्ध्या सेकंदापेक्षा लहान खंड, म्हणजे साधारण २० नमुन्यांपर्यंतचे, सरळ रेषेने भरा. त्याहून मोठे खंड रिकामेच ठेवा आणि त्या वेळेची मेंदूची नोंदही वापरू नका.

दुसरं, पिक्सेलचे सेंटिमीटर. उंदीर जिच्यावर धावतो त्या सरळ धावपट्टीची लांबी माहितीपत्रकात असते. उंदराच्या जागांची दोन टोकं घेऊन भागाकार करा, पण सगळ्यात लांबचा एकेक ठिपका न घेता १ आणि ९९ टक्क्यांवरचे ठिपके घ्या. एखादा चमकलेला परावर्तित दिवा सगळं माप बिघडवतो.

तिसरं, गुळगुळीत करणं. हे का लागतं ते एका आकड्यात कळेल. उंदीर दगडासारखा स्थिर आहे, पण कॅमेऱ्यात दिव्याची जागा एका पिक्सेलने थरथरली. अर्धा सें.मी. भागिले ०.०२५६ सेकंद, म्हणजे सेकंदाला १९.५ सें.मी. एका पिक्सेलच्या थरथरीने स्थिर उंदीर चांगला चालता होतो. म्हणून दोन्ही अक्षांवरची जागा गाऊशियन (घंटेच्या आकाराच्या) खिडकीने गुळगुळीत करा, सिग्मा, म्हणजे तिच्या रुंदीचं माप, ०.२५ सेकंद, म्हणजे जवळपास १० नमुने. वेग त्यानंतर काढा. चाल नेमकी कोणत्या क्षणी सुरू झाली हे पाहायचं असेल तर सिग्मा ०.१ वर आणा, कारण ०.२५ ची खिडकी सुरुवातीचा क्षण मागे-पुढे पसरवते.

चौथं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, दोन घड्याळं जुळवणं. या संचातल्या, मूळ नोंद २०,००० ने घेतलेल्या सत्रांत जागेची नोंद सेकंदाला ३९.०६२५ वेळा होते. मूळ २०,००० भागिले ५१२. मेंदूची १२५० म्हणजे २०,००० भागिले १६. म्हणून जागेच्या एका नमुन्याला मेंदूचे नेमके ३२ नमुने. हे गुणोत्तर वापरा, सेकंद मोजत बसू नका. माहितीपत्रकातला आकडा ‘३९’ असा गोल करून टाकला तर काय होतं? अर्ध्या तासाच्या शेवटी दोन नोंदी २.९ सेकंदांनी सरकलेल्या असतात. २५० सें.मी.ची पट्टी उंदीर सेकंदाला ५० सें.मी.ने धावला तर ५ सेकंदांत संपते. तीन सेकंद सरकलं की धावण्याच्या जागी थांबणं आणि थांबण्याच्या जागी धावणं. पहिली पाच मिनिटं आलेख चांगला, पुढे हळूहळू फिका. अनेकांना वाटतं उंदीर कंटाळला. उंदीर कंटाळलेला नसतो, भागाकार चुकलेला असतो.

जुळणी बरोबर आहे का, याची खात्री मेंदूच करून देतो. चॅनेल १३० ते २०० हर्ट्झमध्ये गाळा, त्याचा लिफाफा, म्हणजे लहरीच्या उंचीची बाह्यरेषा, काढा, सरासरीच्या वर ५ प्रमाण विचलन ओलांडणारे आणि ३० ते १५० मिलिसेकंद टिकणारे झटके मोजा. हे रिपल. जवळपास सगळे रिपल वेग सेकंदाला २ सें.मी.च्या खाली असतानाच पडायला हवेत. धावताना ढिगाने रिपल दिसत असतील तर घड्याळं जुळलेली नाहीत, किंवा ते रिपल नसून जबड्याच्या स्नायूंची खरखर आहे. स्नायूंची खरखर सगळ्या चॅनेलवर एकसारखी उमटते आणि २०० च्या वरही तितकीच असते. खरा रिपल मोजक्या चॅनेलवर असतो.

इथे एक खास आपल्याकडची चूक. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून हात सवयीने ५० चा अडसर (तेवढीच वारंवारता काढून टाकणारी गाळणी) लावतो. ही नोंद अमेरिकेतली आहे, तिथे वीज ६० हर्ट्झची. तिच्या पटी १२० आणि १८०, आणि १८० ऐन रिपलच्या पट्ट्यात. युरोपातली नोंद असेल तर ५०, १००, १५०. आधी स्पेक्ट्रममध्ये सुई कुठे आहे ते बघा, मग अडसर लावा. नसेल तर लावूच नका.

चॅनेल निवडा

इलेक्ट्रोडची पट्टी हिप्पोकॅम्पसच्या थरांमधून खाली जाते. सीए१ या हिप्पोकॅम्पसच्या उपभागातल्या पेशींच्या थरात रिपल सगळ्यात मोठे. तिथून खाली, फिशर नावाच्या फटीजवळ, थीटा सगळ्यात मोठी, आणि तिथली लहर वरच्या थराच्या जवळजवळ उलट, म्हणजे १८० अंशांनी फिरलेली. हा उलटापालट तुम्हाला मिळाला तर तीन गोष्टी एकदम सिद्ध होतात: चॅनेलचा क्रम बरोबर आहे, लहर तिथेच तयार होते आहे, आणि ती केबलच्या हिसक्याने आलेली नाही. चालणाऱ्या रॅटची पावलं सेकंदाला काही वेळा पडतात, मिशा आणि हुंगणं तर थेट ५ ते १२ हर्ट्झमध्ये चालतं. केबल ताणलेली असेल तर ही हालचाल नोंदीत शिरते. पण ती सगळ्या चॅनेलवर एकाच दिशेने, एकाच उंचीने शिरते. उलटापालट नाही म्हणजे संशय घ्या.

पट्टीच्या दोन्ही टोकांना पाणी मिळत असेल तर टोकाचे २५ सें.मी. विश्लेषणातून वगळा. रॅट पाणी चाटतो ते सेकंदाला सहा-सात वेळा. बसल्या जागी थीटाच्या पट्ट्यात लय तयार, आणि वेग शून्य. ही एक गोष्ट न वगळल्यामुळे ‘थांबल्यावरही थीटा तेवढीच’ असा आलेख येतो. पुढच्या मेंदूच्या पृष्ठभागावरचे चॅनेल वापरत असाल तर आणखी एक सावधगिरी: स्तब्ध बसलेल्या रॅटच्या कॉर्टेक्समध्ये ७ ते १२ हर्ट्झच्या टोकदार, मोठ्या लहरींचे पुंजके येतात. वारंवारता थीटासारखी, अर्थ पूर्ण वेगळा.

थीटा काढा, पण प्रत्येक हेलकावा मोजून

बहुतेक जण २ सेकंदांच्या खिडकीने स्पेक्ट्रम काढतात. पहिली नजर टाकायला ते ठीक आहे. चालताना आणि थांबताना असे दोन स्पेक्ट्रम एकावर एक काढा, उभा अक्ष लॉगमध्ये ठेवा. चालतानाच्या रेषेवर ८ च्या आसपास टेकडी आणि थांबलेल्या रेषेवर जवळपास सपाट उतार दिसला की पाया बरोबर आहे. पण २ सेकंदांच्या खिडकीत दोन वारंवारतांमधलं अंतर अर्धा हर्ट्झ असतं, आणि आपण शोधतो तो बदलच अर्धा ते एक हर्ट्झचा. नोंदीच्या मागे शून्यं जोडून रेषा गुळगुळीत दिसते, माहिती वाढत नाही. खिडकी लांब करायची तर एक धाव ५ सेकंदांत संपते.

म्हणून हेलकावा मोजा. दोन गाळण्या करा. एक अरुंद, ५ ते १२ हर्ट्झ, तिसऱ्या क्रमाचा बटरवर्थ (गाळणीचा एक नेहमीचा प्रकार), पुढून आणि मागून दोन्हीकडून चालवलेला, म्हणजे फेज, लहरीची वेळेतली जागा, सरकत नाही. हिने फक्त हेलकावे कुठे आहेत एवढं शोधायचं. दुसरी रुंद, १ ते ३० हर्ट्झ. अरुंद गाळणीतल्या प्रत्येक खड्ड्याच्या आसपास रुंद नोंदीतला खरा खड्डा शोधा आणि तिथून पुढच्या खड्ड्यापर्यंतचा वेळ मोजा. ८ हर्ट्झ म्हणजे १२५ मिलिसेकंद, ९ हर्ट्झ म्हणजे १११. फरक १४ मिलिसेकंद, आणि १२५० ने नमुने घेतल्यावर एक नमुना ०.८ मिलिसेकंदाचा. म्हणजे हा फरक १७ नमुन्यांचा, आरामात मोजता येतो. ८० पेक्षा कमी आणि २०० पेक्षा जास्त मिलिसेकंदांचे हेलकावे टाकून द्या. नोंदीच्या दोन्ही टोकांचे दोन सेकंदही टाका, गाळणी तिथे खोटं बोलते.

अरुंद गाळणीवर एकटीवर विश्वास का नको, हे बघायचं असेल तर निव्वळ यादृच्छिक आकडे तिच्यातून घाला. बाहेर देखणी, डोलणारी, थीटासारखी लहर येईल. म्हणून प्रत्येक सेकंदाला थीटाची ताकद भागिले २ ते ४ हर्ट्झची ताकद हे गुणोत्तर काढा, आणि ते २ च्या खाली असेल त्या वेळचे हेलकावे मोजणीत घेऊ नका. २ हा आकडा देवाने दिलेला नाही. चालण्याच्या आणि थांबण्याच्या गुणोत्तरांचे दोन आलेख काढा आणि त्यांच्या मधली दरी जिथे पडते तिथे सीमा धरा.

वेगाशी जोडा

प्रत्येक हेलकाव्याला त्याच्या मध्यावरचा वेग द्या. सेकंदाला ५ सें.मी.चे कप्पे करा: ५ ते १०, १० ते १५, असे. ज्या कप्प्यात ८० पेक्षा कमी हेलकावे, म्हणजे अंदाजे १० सेकंदांपेक्षा कमी नोंद, तो दाखवू नका. सगळ्यात वरच्या वेगाच्या कप्प्यात नेहमी चारच धावा असतात आणि त्याच आलेखाला खोटं शेपूट लावतात. प्रत्येक कप्प्यात सरासरीऐवजी मध्यक घ्या.

आता प्रामाणिकपणाची पायरी. शेजारशेजारचे हेलकावे एकमेकांवर अवलंबून असतात, म्हणून ‘दहा हजार हेलकावे, पी जवळपास शून्य’ याला काही अर्थ नाही. वेगाची पूर्ण रेषा मेंदूच्या नोंदीवर किमान २० सेकंदांनी गोल सरकवा, टोकाला बाहेर पडलेला भाग सुरुवातीला आणा, वेग आणि वारंवारतेच्या रेषेचा उतार पुन्हा काढा. हे हजार वेळा करा. तुमचा खरा उतार या हजार उतारांच्या बाहेर पडला तरच बोला. अनेक उंदीर असतील तर नमुन्यांची संख्या म्हणजे उंदरांची संख्या, हेलकाव्यांची नाही.

आणि वेग हेच कारण आहे असं ठासून लिहू नका. २०२१ मध्ये एमिलियो क्रोप्फ, माय-ब्रिट मोझर आणि एडवर्ड मोझर यांच्या गटाने रॅटचा वेग बाहेरून ठरवून दाखवलं की थीटाची वारंवारता वेगापेक्षा वेग वाढण्याशी, म्हणजे धन त्वरणाशी, जोडलेली दिसते. सरळ पट्टीवर उंदीर सुरुवातीला वेग घेतो आणि शेवटी कमी करतो, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकत्र गुंतलेल्या असतात. उपाय सोपा आहे. एकाच वेगाच्या कप्प्यात, समजा २० ते २५ सें.मी., वेग वाढतानाचे आणि कमी होतानाचे हेलकावे वेगळे करा. वारंवारता सारखी आली तर वेगाची बाजू, वाढतानाची जास्त आली तर त्वरणाची. हा एक आलेख पदव्युत्तर प्रकल्पाचा गाभा होऊ शकतो.

पुढे स्वतः नोंद घ्यायची असेल तर

१९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि १९९८ चे नियम लागू होतात. नोंदणीकृत प्राणिगृह, संस्थेच्या प्राणी नीती समितीची लेखी परवानगी आणि अनुभवी हात, हे तिन्ही नसतील तर सुरुवातही करू नका.

सोलापूरसाठी एकच जादा इशारा, तापमानाचा. धावताना रॅटच्या मेंदूचं तापमान वाढतं आणि त्याने मेंदूतल्या विद्युत प्रतिसादांचा आकार बदलतो. थीटाचा ताल जिथून येतो तो मेडियल सेप्टम हा मेंदूचा भाग थंड केला तर लय मंदावते. खोलीच दुपारी तापत-निवत असेल तर ‘सकाळचा उंदीर’ आणि ‘दुपारचा उंदीर’ हे दोन वेगळे प्राणी होतात. उन्हाळ्यात नोंदी पहाटे घ्या, वातानुकूलनाला जनरेटरचा आधार ठेवा आणि प्रत्येक सत्राच्या वहीत सुरुवातीचं आणि शेवटचं खोलीचं तापमान लिहा. कॅमेरा आणि मेंदूची नोंद जुळवण्यासाठी एक दिवा अनियमित अंतराने लुकलुकवा आणि त्याची खूण दोन्हीकडे नोंदवा. नियमित अंतराने लुकलुकवला तर एक ठोका हरवला की कोणता हरवला ते कधीच कळत नाही.

आणि यंत्रमागाच्या गाळ्याला लागून असलेली खोली नोंदीसाठी घेऊ नका. २ हर्ट्झचा हादरा केबलमधून शिरतो आणि त्याची चौथी पट कुठे पडते, ते तुम्ही फोनवर पाहिलेलंच आहे.